घरातल्या दुखण्याला नाव काय द्यायचं?

दोह्यातल्या सूक वाकिफमध्ये मसाल्यांच्या गल्लीत शिरलं की दुकानांपुढे पोत्यांची तोंडं उघडी ठेवलेली असतात. वाळून काळं पडलेलं लिंबू, ज्याला इथे लूमी म्हणतात. वेलदोडे, दालचिनी, केशर. आणि त्यांच्याच रांगेत कलौंजी, सोनामुखी, मेंदी, मध, लोबान, ऊद. 'वाकिफ' म्हणजे उभा. ओढ्याकाठच्या या बाजारात विक्रेते पूर्वी उभ्यानेच माल विकत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. २००३ साली लागलेल्या आगीनंतर बाजार जुन्या वळणावर पुन्हा उभारला गेला, आणि आज तो बघायला जगभरातून लोक येतात. घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेला मात्र हा बाजार आजाऱ्याच्या उशाशी भेटतो. बेडसोरवर आम्ही पोचायच्या आधीच मध लावलेला असतो. मधुमेहाने बधिर झालेल्या टाचेच्या भेगेत मेंदी भरलेली असते, त्यामुळे खालच्या कातडीचा रंग दिसत नाही. पोट साफ होत नाही म्हणून सोनामुखीचा काढा चालू असतो आणि औषधांच्या यादीत त्याचा पत्ता नसतो. ऑक्सिजनचं यंत्र लावलेल्या खोलीच्या दारापर्यंत मबखरा, म्हणजे निखाऱ्यावर ऊद जाळायची धूपदाणी, पाहुण्यांसाठी फिरवली जाते. यातलं काहीही डॉक्टरांच्या निदानात बसत नाही, आणि तरी त्या भेटीतलं निम्मं काम याच गोष्टींभोवती असतं. ते काम कोणत्या नावाने लिहायचं हा प्रश्न वरवर कारकुनी दिसतो. माझ्या मते तो शुश्रूषेच्या गाभ्याचा प्रश्न आहे: ज्या कामाला ठरलेलं नाव नाही ते काम होतं, पण पुढच्या माणसापर्यंत पोचत नाही, आणि ही नावं घरात सापडलेली असली तरच ती घरात उपयोगी पडतात.

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या पाच रुग्णांचा विचार करू. इस्पितळातून सुटताना पाचही जणांच्या कागदावर एकच निदान असतं आणि गोळ्याही जवळजवळ त्याच असतात. घरी गेल्यावर पाच वेगळी दुखणी दिसतात. एकाला घास गिळता येत नाही, आणि घरचे प्रेमाने भात भरवत राहतात. दुसऱ्याची पाठ पलंगाला टेकून टेकून माकडहाडापाशी लाल झालेली असते. तिसरा बोलू शकत नाही म्हणून त्याला समजतही नाही असं घराने धरून चाललेलं असतं. चौथ्याला उठायचं असतं, पण न्हाणीघराची पायरी उंच असते. पाचव्याची बायको महिनाभर सलग झोपलेली नसते. डॉक्टरांचं निदान मेंदूत काय झालं ते सांगतं. परिचारिकेचं निदान त्या झाल्या गोष्टीसह हा माणूस या घरात कसा जगतोय ते सांगतं. दोन्ही निदानंच, दोन्हींसाठी बघावं लागतं, विचारावं लागतं, हात लावावा लागतो आणि चुकण्याची जबाबदारी घ्यावी लागते. तरीही दुसऱ्या प्रकारचं निदान फार काळ 'रुग्ण स्थिर, ड्रेसिंग केले' एवढ्या ओळीत संपवलं गेलं. इस्पितळात ते खपून जातं, कारण पुढच्या पाळीची सिस्टर त्याच खाटेशी उभी राहून हँडओव्हर घेते, जखम आपल्या डोळ्यांनी बघते, दोन प्रश्न विचारते. घरी जाणारी परिचारिका एकटी असते. तिने जे लिहिलं नाही ते तिच्यासोबत दाराबाहेर जातं.

मृत्यूच्या कारणांना आंतरराष्ट्रीय यादी मिळाली १८९३ साली. इस्पितळांनी एकसारखे तक्ते भरावेत असा आग्रह फ्लॉरेन्स नाइटिंगेलने त्याच्याही आधी, १८६० साली लंडनच्या सांख्यिकी परिषदेपुढे धरला होता, म्हणजे मोजण्याची दृष्टी या पेशाच्या मुळातच होती. पण परिचारिकेच्या स्वतःच्या निर्णयांची यादी करायला पुढची शंभरेक वर्षं गेली. १९७३ साली अमेरिकेत सेंट लुइस इथे शुश्रूषा-निदानांच्या वर्गीकरणाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली, आणि आज नर्सिंगच्या विद्यार्थिनी केअर प्लॅनमध्ये जी 'नांदा' या संघटनेची निदानं पाठ करतात ती त्या वाटेने आली. घरच्या शुश्रूषेसाठी मात्र मला दोन वेगळे प्रयत्न अधिक जवळचे वाटतात, कारण दोन्ही इस्पितळाबाहेर जन्मले. एक नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरातला. तिथल्या घरभेटी देणाऱ्या परिचारिकांच्या संस्थेने १९७५ पासून आपल्या कामाचा शब्दसंग्रह बांधायला घेतला. दुसरा व्हर्जिनिया साबा यांचा, जॉर्जटाउन विद्यापीठातला, १९८८ ते १९९१ या काळातला.

साबा यांच्या कामावर थोडं थांबायला हवं, कारण माझा सगळा मुद्दा त्यांच्या पद्धतीत आहे. त्यांनी तज्ज्ञांना एका खोलीत बसवून यादी केली नाही. अमेरिकेतल्या ६४६ गृहशुश्रूषा संस्थांकडून ८,९६१ रुग्णांच्या नोंदी मागवल्या. त्यांत परिचारिकांनी आपापल्या शब्दांत लिहिलेली समस्यांची ४०,३६१ वाक्यं होती आणि केलेल्या कामांची ७२,०५८. ही वाक्यं संगणकात भरून, शब्दाला शब्द लावून, सारख्याला सारखं जोडत नेलं तेव्हा हाती आली १४५ शुश्रूषा-निदानं आणि १६० कामं, वीस घटकांखाली मांडलेली. लाखाहून जास्त वाक्यं तीनशेच्या आसपास नावांत मावली याचा अर्थ असा की वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकींना कधीही न भेटलेल्या बायका घरोघरी तीच ती दुखणी बघत होत्या, तीच ती कामं करत होत्या आणि प्रत्येक जण ते नव्याने, आपल्या पद्धतीने लिहीत होती. ज्ञान होतं, ते गोळा झालेलं नव्हतं. ही यादी पुढे वाढली, इस्पितळांसाठीही वापरात आली, घटक एकवीस झाले, निदानं १७६ आणि कामं २०१ झाली. पण तिचं हाड घरातलं आहे.

तिच्या रचनेतल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. प्रत्येक घटकाला एक अक्षर आहे: 'आर' त्वचेला, 'एच' औषधांना, 'एन' सुरक्षिततेला. अक्षरापुढे आकडे येतात आणि शेवटी एक खूण, जी सांगते की ते काम चारपैकी कोणत्या जातीचं होतं: नजर ठेवली, हाताने केलं, शिकवलं, की व्यवस्था लावली. हीच माकडहाडावरची जखम घ्या. तिची लांबी-रुंदी मोजली, कडा पाहिल्या, वास घेतला, हे नजर ठेवणं. धुऊन ड्रेसिंग केलं, हे करणं. रात्री कूस कशी बदलायची, चादरीला सुरकुती का नको, ओढण्याऐवजी उचलायचं कसं, हे घरातल्या माणसाकडून करवून घेतलं, ते शिकवणं. हवेच्या गादीसाठी फोन केला, आहारतज्ज्ञाची वेळ मिळवली, ती व्यवस्था. 'ड्रेसिंग केले' या ओळीत चारांतलं एकच काम दिसतं, तेही बहुतेक वेळा सगळ्यात कमी वेळ खाणारं. घरी शुश्रूषेचा खरा भार तिसऱ्या आणि चौथ्या कामावर असतो. आम्ही तासभर थांबतो. उरलेले तेवीस तास घर सांभाळतं.

दुसरी गोष्ट अपेक्षित परिणामाची. साबा यांच्या पद्धतीत प्रत्येक निदानापुढे आधीच लिहायचं असतं की हे सुधारेल, आहे तसं राहील, की बिघडेल. बिघडेल असं लिहायची मुभा असणं ही मोठी माणुसकीची गोष्ट आहे. इस्पितळाच्या कागदाला बरं होणंच तेवढं कळतं. घरी मात्र कितीतरी रुग्ण असे असतात की जखम वाढली नाही हेच यश असतं, आणि काही असे की शरीर विझत चाललेलं असताना श्वास सुखाने चालावा, तोंड कोरडं पडू नये, घरच्यांनी घाबरून रुग्णवाहिका बोलावू नये, एवढंच साधायचं असतं. त्या कामाला यादीत जागा नसेल तर ते करणारी परिचारिका नोंदीत अपयशी दिसते. ओमाहाच्या पद्धतीत हेच दुसऱ्या वाटेने साधलं आहे. तिथे प्रत्येक समस्येला ज्ञान, वर्तन आणि स्थिती असे तीन वेगळे गुण द्यायचे, एक ते पाच. त्यामुळे स्थिती दोनावरून हलली नाही तरी घराचं ज्ञान एकावरून चारावर गेलं, हे दिसतं.

यावर सर्वांत मनापासून घेतला जाणारा आक्षेप असा की माणूस कप्प्यात मावत नाही. प्रत्येकाचं दुखणं त्याचं स्वतःचं असतं, आणि नावं लावण्याच्या नादात परिचारिका माणसाकडे बघायचं विसरेल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. खाली येणाऱ्या यादीतून पहिलं दिसेल ते निवडणं, मागच्या भेटीची नोंद जशीच्या तशी पुढे ओढणं, हे घडतं, आणि असं झालं की सलग सहा भेटींच्या नोंदींत जखम तसूभरही बदललेली नसते. प्रत्यक्षात ती खोल गेलेली असते. पण हा दोष नाव असण्यातून येत नाही, न बघता नाव लावण्यातून येतो. मोकळं लिहायला दिलं तरी न बघणारी न बघताच लिहिते, 'रुग्ण स्थिर' हे वाक्य त्याचाच पुरावा आहे. उलट ठरलेली यादी बघायला भाग पाडते. एकवीस घटक डोळ्यांपुढे असले की जखमेसाठी आलेली परिचारिका झोपेबद्दल विचारते, गिळण्याबद्दल विचारते, उशाखालची पुडी कसली ते विचारते.

दोह्यासारख्या शहरात याची गरज दुप्पट होते, कारण एकाच पलंगाभोवती चार-पाच भाषा असतात. आजोबा अरबी बोलतात. परिचारिका मल्याळी, फिलिपिनो, सुदानी किंवा मराठी असते. रात्री उशाशी बसणारी मदतनीस नेपाळी किंवा सिंहली बोलते. नोंद इंग्रजीत होते. आजोबा 'तअबान' म्हणतात, त्याचा अर्थ थकलो असाही होतो आणि बरं नाही असाही. 'दोखा' म्हणतात, त्यात चक्कर, हलकेपणा, डोळ्यांपुढे अंधारी, सगळं येतं. आपल्याला हे नवं नाही. 'कसंतरी होतंय', 'अंग मोडून आलंय', 'हातापायातलं बळ गेलं' यांची भाषांतरं मराठी घरातून आलेल्या कोणत्याही परिचारिकेने मनातल्या मनात केलेली असतात. प्रत्येक जणीने त्याचं आपलं इंग्रजी केलं तर तीन भेटींत तीन दुखणी तयार होतात. ठरलेलं नाव असलं की निदान एवढं तरी घडतं: सोमवारी एकीने नोंदलेली चक्कर गुरुवारी येणाऱ्या दुसरीला त्याच शब्दात सापडते. त्या नावाशेजारी आजोबांचा मूळ शब्दही तसाच लिहून ठेवायला हवा, असा माझा आग्रह आहे. नाव हे हाताशी धरायचं टोक आहे. दोरा रुग्णाच्या तोंडातच असतो.

मग अमेरिकेत, अमेरिकन घरं बघून केलेली यादी कतारच्या घराला कशी बसेल? काही ठिकाणी ती आश्चर्य वाटावं इतकी बसते. ऊद आणि ऑक्सिजनचंच उदाहरण घेऊ. (आपल्याकडेही ऊद घालतातच, हा शब्दही अरबीतूनच आलेला, आणि बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी, बाळाची धुरी कुणाला परकी आहे?) ज्या खोलीत ऑक्सिजन चालू आहे तिथे निखारा नको, हे आरोग्यशास्त्र साधं आहे. पण मबखरा फिरवणं हा पाहुण्याचा मान आहे, तो थांबवा म्हणणं म्हणजे घराच्या अदबीला हात घालणं. ओमाहाच्या ४२ समस्यांत शरीराच्या समस्यांइतकाच मान पर्यावरणाच्या समस्यांना आहे: उत्पन्न, स्वच्छता, राहतं घर, परिसराची सुरक्षितता. ऊद कुठे जळतो ते 'राहतं घर' या नावाखाली लिहिता येतं, शिकवण्याची खूण करता येते, मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, मबखरा चालेल पण या दारापासून मागे, अशी घराशी झालेली बोलणी नोंदता येतात, आणि पुढच्या भेटीत ते पाळलं गेलं का हे बघता येतं. रमझानचंही तसंच. २०१२ च्या राष्ट्रीय पाहणीत कतारी प्रौढांपैकी सुमारे १७ टक्के लोकांना मधुमेह आढळला होता. आजाऱ्याला रोज्याची सूट आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, तरी आयुष्यभर रोजे धरलेल्या माणसाला ती घ्यावीशी वाटत नाही. तिथे 'रुग्ण ऐकत नाही' हा शेरा अन्याय आहे. औषधाच्या वेळा सुहूर (पहाटेचं खाणं) आणि इफ्तारला (रोजा सोडताना) बांधून द्यायच्या, साखर केव्हा तपासायची आणि कितीला रोजा सोडायचाच हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं; हे सगळं औषधं, आहार आणि आरोग्यवर्तन या घटकांत नीट मावतं.

पण एका ठिकाणी यादी तोकडी पडते, आणि ती जागा मला स्वस्थ बसू देत नाही. 'नांदा'च्या यादीत काळजीवाहकाच्या भाराचं निदान १९९२ पासून आहे. दुखणाइताची सेवा करून करून थकलेल्या माणसाला त्याने नाव मिळालं, फार मोठं काम झालं. पण त्याच्या व्याख्येत सेवा करणारा माणूस कुटुंबातला किंवा जिवाभावाचा धरलेला आहे. आखाती घरात रात्री उठणारी बहुधा पगारी मदतनीस असते. तिचं अंथरूण आजाऱ्याच्याच खोलीत असतं. आम्ही परिचारिका जाऊन सांगतो, दर दोन तासांनी कूस बदला. वैद्यकीय दृष्ट्या सूचना बिनचूक आहे, आणि नोंदीत 'शिकवलं' अशी खूण होते. बारा, दोन, चार आणि सहा वाजता उठणारी एकच बाई असते, आणि सकाळी सातला तिचा नाश्त्याचा ओटा सुरू होतो. कतारच्या २०१७ सालच्या १५ क्रमांकाच्या कायद्याने घरकामगाराला दिवसाला जास्तीत जास्त दहा तास काम आणि आठवड्याला एक पूर्ण सुट्टी ठरवून दिली आहे. आमची ती एक बिनचूक सूचना हा हिशेब मोडते, आणि तो मोडल्याची नोंद कोणत्याही कप्प्यात होत नाही, कारण मदतनीस रुग्ण नाही आणि कुटुंबही नाही. कुणी म्हणेल, ती आमची रुग्ण नाहीच, तिचा विचार आमच्या कक्षेबाहेरचा आहे. मला हे पटत नाही. तिचा डोळा लागला तर जखम पुन्हा उघडते. म्हणजे तिची झोप हा त्या जखमेच्या उपचाराचा भाग आहे. आणि समजा नसता, तरी आपल्या सूचनेने ज्याची रात्र गेली त्याच्याकडे बघायचं नाही, असं शुश्रूषेने शिकवलेलं नाही.

यादीत नवी नावं घालायला अमेरिकेची वाट पाहावी लागत नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत राबवली. गावातल्याच, शाळेत जेमतेम काही वर्षं गेलेल्या बायकांनी बाळाच्या जंतुदोषाचं निदान करायचं, तेही सात ठरलेल्या खुणांवरून: रडणं मंदावलं, दूध ओढणं कमी झालं, अंग गार किंवा गरम लागलं, अशा सातांपैकी दोन एकदम दिसल्या की ठरलेला उपचार सुरू. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी त्या गावांत नवजात बालमृत्यू, तुलनेच्या गावांच्या हिशेबाने, ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. ही यादीच होती, कप्पेच होते. निदान आणि त्याला बांधलेलं काम. पण रडणं मंदावलं हे आईच्या डोळ्यांना दिसणारं लक्षण आहे, प्रयोगशाळेची त्याला गरज नाही. वर्गीकरण म्हणजे मोठ्या इस्पितळाची, इंग्रजी शिकलेल्यांची चैन, हा समज त्या ३९ गावांनी खोटा ठरवला.

पैशाचा आक्षेप उरतो, आणि तो खरा आहे. साबा यांचं संशोधनच मुळात वृद्धांच्या सरकारी विमायोजनेला गृहशुश्रूषेवर किती साधनं लागतील याचा अंदाज यावा म्हणून झालं होतं. ऑक्टोबर २००० पासून अमेरिकेत त्या योजनेने भेटींनुसार पैसे देणं थांबवून साठ दिवसांच्या टप्प्याला एक ठरीव रक्कम द्यायला सुरुवात केली. काम मोजता आलं की त्याला कात्री लावता येते. शिकवायला वीस मिनिटं लागतात असं नोंदीत दिसलं की कुणीतरी ती बारा करायला सांगणार. पण जे मोजलंच जात नाही त्याला कात्रीही लागत नाही. ते आधीच शून्य धरलेलं असतं. शिकवण्याचे, बोलणी करण्याचे, गादीसाठी फोनवर थांबण्याचे तास कोणत्याही वेळापत्रकात नसतात, म्हणून ते परिचारिका आपल्या जेवणाच्या सुट्टीतून काढते. त्या तासांना नाव आणि आकडा मिळाल्याशिवाय एका दिवसात किती घरं द्यावीत यावर कुणाशी वाद घालता येणार? नोंदी लिहायला वेळ जातो हेही खरं, आणि तो वेळ भेटीच्या वेळेत धरलेला असायला हवा, घरी नेऊन रात्री भरण्याच्या कामात नको. हे संस्थांनी ऐकावं यासाठीही पुरावा त्या नोंदींचाच लागणार आहे.

तोवर मदतनिसाची ओळ आपण स्वतः लिहू शकतो. मोकळ्या जागेत, पण प्रत्येक भेटीत त्याच शब्दांत, म्हणजे उद्या कुणी वाक्याला वाक्य लावायला बसलं तर ती एकाखाली एक येतील. 'रात्रीची काळजी घेणारी व्यक्ती: एक, पगारी. रात्री किती वेळा उठते: चार. सलग झोप: दोन तासांहून कमी. घरातल्या दुसऱ्या माणसाला कूस बदलायला शिकवलं: मोठा मुलगा, बाराची आणि दोनची पाळी. हवेची गादी मागवली. पुढच्या भेटीत आधी तिला विचारायचं, मग जखम उघडायची.'